तापाच्या रकान्यातले बळी
१९१८च्या साथीत इन्फ्लुएन्झाने किती माणसे गेली, हे सरकारी नोंदवहीत शोधणे व्यर्थ आहे. मुंबई इलाख्यातल्या खेड्यांत मृत्यूची नोंद डॉक्टर नव्हे, गावकामगार पाटील करी. पटकी, देवी, प्लेग, ताप, हगवण, श्वासरोग, अपघात असे ठरीव रकाने. इन्फ्लुएन्झाचा नव्हताच, म्हणून बळी ‘तापा’त जमा झाले. त्यामुळे कारणापेक्षा एकूण मृत्यूंवर भिस्त ठेवणेच शहाणपणाचे. सॅनिटरी कमिशनर नॉर्मन व्हाइट यांनी आधीच्या वर्षांच्या सरासरीशी तुलना करून जादा मृत्यू मोजले आणि देशाचा आकडा साठ लाखांच्या घरात नेला. यावर आक्षेप येतो: त्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला होता, महागाई होती, मग जादा मृत्यू सगळे साथीचेच कसे? सगळे नसतीलही, उपासमारीने साथीला हात दिलाच असणार. पण दुष्काळाचे मृत्यू महिनोन् महिने रेंगाळतात. मुंबईत ६ ऑक्टोबरला एकाच दिवशी ७६८ मृत्यू झाले, आणि काही आठवड्यांत लाट ओसरलीही. खरी खोट उलट्या बाजूला आहे. नोंदणारेच अंथरुणाला खिळले, मग नोंद कोण करणार? (कागदावर शांतता दिसते ती अशीही.) १९२१च्या जनगणनेने घटलेली लोकसंख्या पाहून अंदाज सव्वा कोटीच्या आसपास नेला, १९५१मध्ये लोकसंख्याशास्त्रज्ञ किंग्जली डेव्हिस यांनी तो दोन कोटींच्या जवळ आणला.