तळटीप : ‘नो आब्लेस’ या रूपाविषयी

१. आई मुलाला आधी ‘आब्ला’ (बोल) म्हणते आणि लगेच ‘नो आब्लेस’ (बोलू नकोस). हा छपाईचा दोष नाही. स्पॅनिशमध्ये मनाई करताना आज्ञार्थी रूपाआधी नुसते ‘नो’ लावून भागत नाही. इच्छा किंवा शंका दाखवणाऱ्या वाक्यांतले रूप घ्यावे लागते. नियमित क्रियापदांत त्यासाठी स्वरांची अदलाबदल होते: ‘-आर’वाली ‘ए’ घेतात, ‘-एर’ व ‘-ईर’वाली ‘आ’. म्हणून ‘कोमे’ (खा), पण ‘नो कोमास’. ‘एस्क्रिबे’ (लिही), पण ‘नो एस्क्रिबास’. आदरार्थी ‘उस्तेद’ असेल तर शेवटचा ‘स’ गळतो. विद्यार्थी हमखास अडखळतात ते सर्वनामापाशी: ‘आब्लामे’मध्ये (माझ्याशी बोल) ‘मे’ शेवटी चिकटतो, ‘नो मे आब्लेस’मध्ये सुटून क्रियापदाच्या आधी येतो.