मधल्या वर्षाची कुळकथा

जून-जुलैत प्रवेशाचा हंगाम सुरू झाला की तहसील कचेरीच्या आवारात, टायपिंगवाल्यांच्या टेबलांपाशी, एक ठरावीक कागद तयार होताना दिसतो. बारावी होऊन वर्ष उलटलेला मुलगा बाकावर बसलेला असतो, शेजारी वडील नाहीतर मामा. टायपिस्ट फारसं काही विचारत नाही, मजकूर त्याला पाठ असतो. अमुक शैक्षणिक वर्षात मी कोणत्याही शाळेत वा महाविद्यालयात प्रवेश घेतलेला नव्हता, असं सत्यप्रतिज्ञेवर लिहून द्यायचं. नाव आणि साल तेवढं बदलतं. या कागदाला सगळे ‘गॅप सर्टिफिकेट’ म्हणतात. वर्षभरात मुलाने काय केलं, याची त्यात चौकशी नसते. काय केलं नाही, एवढंच शपथेवर सांगायचं.

हाच ‘गॅप’ इंग्लंडात ‘इयर’च्या आधी लागला की त्याची कळा पालटते. तिथे शाळा संपवून कॉलेजात जाण्याआधी वर्षभर जग बघून आलेला मुलगा ते वर्ष अर्जात ठळक लिहितो. एकाच शब्दाला एकीकडे शपथपत्र आणि दुसरीकडे मानपत्र, हे कसं झालं ते पाहायचं तर शब्दाच्या कुळात शिरावं लागतं.

शब्द मूळचा उत्तरेकडच्या दर्यावर्द्यांचा. जुन्या नॉर्स भाषेत ‘गॅप’ म्हणजे आ वासलेली पोकळी. सृष्टी होण्याआधी जी अथांग पोकळी होती, तिचं नाव नॉर्स पुराणात ‘गिन्नुंगागाप’ असं आहे. इंग्रजीत रुळल्यावर हा शब्द भिंतीतल्या भगदाडालाही लागला आणि डोंगरातल्या खिंडीलाही. पोकळी आणि खिंड हे दोन्ही अर्थ ध्यानात ठेवावेत. पुढची सगळी गोष्ट त्या दोहोंमधल्या फरकाची आहे.

शब्दाआधी रिवाज होता. जर्मन मुलखात सुतार, गवंडी, छप्परकाम करणारे कारागीर उमेदवारी संपली की गाव सोडून निघत. या भटकंतीला ‘वाल्ट्स’ म्हणतात. मुदत तीन वर्षं आणि एक दिवस. त्या काळात घरापासून पन्नास किलोमीटरच्या आत पाऊल टाकायचं नाही. निघणारा अविवाहित हवा, डोक्यावर कर्ज नको. काळा पोशाख, रुंद काठाची टोपी, हातात वेडीवाकडी काठी. गावोगावच्या कारागिरांकडे राबायचं, त्यांची रीत शिकायची, पुढे जायचं. सोबत एक वही असे, ‘वांडरबुख’. कुठे गेला, कुणाकडे काम केलं, याच्या नोंदी आणि शिक्के तिच्यात पडत. असे कारागीर आजही जर्मनीच्या रस्त्यांवर भेटतात, आणि गावोगावचे शिक्के वहीत गोळा करण्याची चाल त्यांनी सोडलेली नाही.

हा झाला हातावर पोट असणाऱ्यांचा रिवाज. इंग्लंडातल्या जमीनदारांच्या मुलांसाठी दुसरी सोय होती, ‘ग्रँड टूर’. हे नाव रिचर्ड लॅसेल्स या पाद्र्याच्या 1670 साली निघालेल्या इटलीच्या प्रवासवर्णनात सापडतं. सोळा-अठरा वर्षांचा वारस पॅरिस, व्हेनिस, फ्लॉरेन्स, रोम असा हिंडे. बरोबर एक शिक्षक असे. त्याला थट्टेने ‘बेअर-लीडर’ म्हणत, म्हणजे आपल्याकडचा अस्वलवाला दरवेशी. दोरीच्या टोकाला लॉर्डसाहेबांचं अस्वल.

या दरवेश्यांपैकी एक फार मोठा निघाला. ग्लासगो विद्यापीठातली प्राध्यापकी सोडून ॲडम स्मिथ 1764 साली बकलूच्या तरुण ड्यूकबरोबर फ्रान्सला गेला. त्या कामापोटी वर्षाला तीनशे पौंड तहहयात मिळणार होते. तूलूझमध्ये वेळ जाईना, म्हणून त्याने एक पुस्तक लिहायला घेतलं. 1776 साली ‘वेल्थ ऑफ नेशन्स’ बाहेर आलं, तेव्हा त्यात त्याने याच प्रथेची सालं काढली. शाळा सुटल्याबरोबर, विद्यापीठाचं तोंडही न बघता, पोरांना परदेशी धाडायची चाल वाढते आहे, अशी त्याची तक्रार. पोरं चार शब्द परभाषेचे शिकतात आणि अधिक शेखी मिरवणारी, अधिक उधळी होऊन परततात. मग ही चाल पडली का? विद्यापीठांची अब्रूच इतकी गेली आहे म्हणून, हे त्याचं उत्तर. गॅप इयरवरची ही फर्मास टीका त्याच कामाचा पगार खाल्लेल्या माणसाने लिहिली.

ग्रँड टूर पुढे फ्रेंच राज्यक्रांती आणि नेपोलियनच्या लढायांत विझली. त्यानंतर आगगाडी आली आणि प्रवास मध्यमवर्गाच्या खिशाला परवडू लागला. आजचं मधलं वर्ष मात्र या खानदानी सहलीचं थेट वारसदार नाही. ते जन्मलं हिशेबाच्या चुकीतून.

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये तरुणांना सक्तीची लष्करी नोकरी करावी लागे, दोन वर्षांची. 1957 साली सरकारने ती बंद करायचं ठरवलं आणि 1960 अखेर भरती थांबली. कागदावर साधी गोष्ट. पण विद्यापीठांच्या दारात गर्दी झाली. पलटणीतून सुटून येणारे जुने आणि शाळेतून थेट येणारे नवे एकाच वेळी उभे राहिले. जागा तितक्या नव्हत्या, तेव्हा काहींनी थांबायचं हे उघड होतं.

अलेक डिक्सन या माणसाने त्या थांबण्यात संधी पाहिली. मूळचा पत्रकार, नंतर पश्चिम आफ्रिकेत तरुणांची शिबिरं चालवलेला. 1956 च्या उठावानंतर हंगेरीतून पळून आलेल्या निर्वासितांसाठी तो ऑस्ट्रियाच्या सरहद्दीवर राबला होता. अठरा वर्षांच्या पोराला कुणीतरी खरोखर हवंहवंसं काम दिलं, तर तो ते निभावतो, ही त्याची पक्की समजूत. मार्च 1958 मध्ये ‘संडे टाइम्स’ने पोर्ट्समथचे बिशप लॉन्सलॉट फ्लेमिंग यांचं पत्र छापलं. मथळा होता ‘द इयर बिटवीन’. मराठीत सरळ ‘मधलं वर्ष’. शाळा सुटलेल्या मुलांनी विद्यापीठात जाण्याआधी एक वर्ष परमुलखात सेवेला द्यावं, अशी मागणी. अलेक आणि त्यांची पत्नी मोरा यांनी त्याच वर्षी ‘व्हॉलंटरी सर्व्हिस ओव्हरसीज’ सुरू केली. पहिल्या तुकडीत वीसच्या आतच मुलं होती. कुणी घानाला गेलं, कुणी बोर्निओ बेटावरच्या सारावाकला. पुढे संस्था पदवीधरांकडे वळली तेव्हा डिक्सन बाहेर पडले आणि 1962 साली त्यांनी देशातल्या देशात काम करणाऱ्या तरुणांसाठी वेगळी संस्था काढली.

दुसरं भगदाड वेळापत्रकातलं. ऑक्सफर्ड आणि केंब्रिजला जायचं तर वेगळी प्रवेश परीक्षा द्यावी लागे. शाळेची शेवटची दोन वर्षं म्हणजे सहा सत्रं. ती संपवून, निकाल हातात घेऊन, बरीच मुलं फक्त या परीक्षेसाठी सातव्या सत्राला शाळेत थांबत. परीक्षा हिवाळ्यात, नाताळच्या सुमारास निकाल. वर्ग भरायचे ते थेट ऑक्टोबरात. म्हणजे जानेवारी ते सप्टेंबर, नऊ महिने मोकळे. जागा पक्की, अभ्यास नाही, शाळा सुटलेली. आईबापांनाही घोर नाही. 1980 च्या दशकाच्या मध्यात ही सातव्या सत्राची रीत बंद झाली, तोवर नऊ महिन्यांची सवय मुरली होती.

या मोकळ्या महिन्यांसाठी दुकानं उघडली गेली. 1967 साली निकोलस मॅक्लीन-ब्रिस्टल यांच्या ‘प्रोजेक्ट ट्रस्ट’ने पहिली मुलं इथिओपियाला पाठवली, स्कॉटलंडच्या पश्चिमेचं कॉल नावाचं चिमुकलं बेट पुढे तिचं मुख्य ठाणं झालं. 1972 साली आणखी एक संस्था निघाली, तिने नावच घेतलं ‘गॅप ॲक्टिव्हिटी प्रोजेक्ट्स’. बिशपच्या पत्रातलं ‘मधलं वर्ष’ सात्त्विक होतं. ‘गॅप’ तोंडात बसणारा निघाला. पुढे युवराज चार्ल्स आणि कर्नल जॉन ब्लॅशफर्ड-स्नेल यांची ‘ऑपरेशन रॅले’ 1984 साली सुरू झाली. 2000 साली शाळा संपवलेला राजपुत्र विल्यम तिच्यातर्फे चिलीला गेला आणि संडास घासतानाचे त्याचे फोटो जगभर छापून आले. मधल्या वर्षाला यापेक्षा मोठी जाहिरात लागली नसती.

सेवेच्या जोडीला नुसती भटकंतीही होतीच. साठच्या दशकात युरोपातून तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान ओलांडून खुष्कीच्या मार्गाने तरुण भारतात उतरत होते. त्यातले कित्येक गोव्याच्या हणजूण-कळंगुटला येऊन ठेपले. 1979 मध्ये इराणात क्रांती झाली, अफगाणिस्तानात रशियन फौजा शिरल्या आणि तो रस्ता मिटला. विमानं स्वस्त झाल्यावर पाठीवर पिशवी घेतलेली पोरं पुन्हा आली, आता परतीचं तिकीट खिशात घेऊन. त्यांची खिल्लीही उडू लागली. विल्यम सटक्लिफ यांनी 1997 साली ‘आर यू एक्स्पिरियन्स्ड?’ या कादंबरीत भारतात आलेल्या अशाच एका पोराची टर उडवली. ॲडम स्मिथची तक्रार दोनशे वर्षांनी विनोदी होऊन परतली.

या रिवाजाचं खरं गुपित मात्र पैशाने उघड केलं. 1997 च्या उन्हाळ्यात ब्रिटिश सरकारने जाहीर केलं, की पुढच्या सालापासून विद्यापीठात वर्षाला हजार पौंडांपर्यंत फी भरावी लागेल. जागा पक्की करून वर्षभर थांबणार होती ती मुलं हादरली. एक वर्ष हिंडून आलं की फी मानगुटीवर! एवढी ओरड झाली, की सरकारने आधीच थांबायचं ठरवलेल्यांना नव्या फीतून वगळलं. 2012 साली फी नऊ हजारांपर्यंत गेली, तेव्हा आदल्या वर्षी थांबणाऱ्यांची संख्या घसरली. पलीकडचा काठ महागला की मधली खिंड ओस पडते.

अमेरिकेतही तेच दिसतं. हार्वर्ड विद्यापीठ प्रवेशाच्या पत्रातच सुचवतं, की हवं तर वर्षभराने या. तिथल्या प्रवेश विभागाचे प्रमुख विल्यम फिट्झसिमन्स आणि सहकाऱ्यांनी 2000 साली एक निबंध लिहून, शर्यतीत दमलेल्या मुलांनी थोडं थांबावं, अशी बाजू मांडली. 2016 साली मालिया ओबामा थांबली आणि 2017 मध्ये हार्वर्डला गेली. क्रम मात्र बघण्याजोगा आहे. आधी जागा, मग गॅप.

आपल्याकडे क्रम उलटा. आपण ‘ड्रॉप घेतला’ म्हणतो, आणि तो घ्यायचा तो जागा मिळाली नाही म्हणून. लातूरच्या ‘रिपीटर’ बॅचमध्ये बसलेल्या मुलाचं वर्ष मोकळं नसतं, तेच भौतिक-रसायन-जीव पुन्हा एकदा. आयआयटीची ॲडव्हान्स्ड परीक्षा लागोपाठ दोन वर्षं देता येते, म्हणजे नियमानेच एक वर्ष जास्तीचं दिलेलं. पण मिळालेली जागा वर्षभर राखून ठेवायची सोय आपल्या प्रवेशफेऱ्यांत नाही. मुदतीत हजर झाला नाहीत, की जागा पुढच्याला. म्हणून आपल्या भाषेत वर्ष हे उसन्या पैशासारखं वागतं. ते वाचतं, वाया जातं, बुडतं. 1974 साली जयप्रकाश नारायण यांनी विद्यार्थ्यांना एक वर्ष कॉलेज सोडून आंदोलनात यायला सांगितलं, तेव्हाही ते वर्ष द्यायचं होतं त्यागाच्या खात्यातून.

खिंडीला दोन बाजूंचे डोंगर लागतात. एकच बाजू असेल, तर तो कडा. ब्रिटिश मुलाच्या अंगात साहस जास्त आणि आपल्या मुलाच्या अंगात कमी, असं काही नाही. त्याच्या पलीकडे डोंगर उभा असतो. आपल्या मुलाला धुक्यात उतरायचं असतं आणि मागून घरचे, शेजारचे विचारत असतात, यंदा काय करतोस?

आणि गंमत म्हणजे वेळापत्रकातलं भगदाड आपल्याकडेही आहे. बारावीचा शेवटचा पेपर मार्चमध्ये सुटतो. मग सीईटी, नीट, निकाल, फेऱ्या. पहिलं वर्ष भरायला ऑगस्ट-सप्टेंबर उजाडतो. म्हणजे चार-पाच महिने, ऑक्सफर्डवाल्यांच्या निम्मे. पण त्यांना जागा सुरुवातीला कळे, आपल्याला शेवटी. म्हणून हे महिने हिंडण्यात जात नाहीत, संकेतस्थळ उघडून यादी बघण्यात जातात.

जागा राखून ठेवायची सोय उद्याच होणार नाही. तोवर ज्याच्या वाट्याला मधलं वर्ष आलंच, मर्जीने किंवा नाइलाजाने, त्याने जर्मन सुताराची निदान एक युक्ती उचलावी. शंभर पानी वही घ्यावी. गॅरेजमध्ये हात काळे केले, मामाच्या शेतात कांदा काढला, वाचनालयात पुस्तकं लावली, आजीला दवाखान्यात नेलं-आणलं, मोडीची अक्षरं गिरवली, जे काही केलं ते तारखेनिशी लिहावं आणि ज्याच्या हाताखाली केलं त्याची सही घ्यावी. शिक्का असेल तर शिक्काही.

वर्ष सरेल तेव्हा तहसील कचेरीत जावं लागेलच. टायपिस्ट विचारणार नाही, तो ‘प्रवेश घेतलेला नव्हता’ इथे पूर्णविराम देईल आणि कागद ओढून काढेल. सही करताना वही काखेत असू द्यावी.