बायवीकली, बायमंथली व तत्सम इंग्रजी शब्द

एखादी गोष्ट किती वेळा घडते हे सांगणाऱ्या इंग्रजी शब्दांत 'बाय' हा लॅटिन उपसर्ग लागलेले शब्द सर्वांत घोटाळ्याचे आहेत. 'बायवीकली' म्हणजे आठवड्यातून दोनदा आणि दोन आठवड्यांतून एकदाही, 'बायमंथली'चेही तेच. मेरियम-वेब्स्टर कोश दोन्ही अर्थ नोंदवतो, तेव्हा गोंधळणाऱ्या वाचकाला अडाणी ठरवता येत नाही. दोष शब्दातच आहे. उपसर्ग दोन हा आकडा देतो, पण दोन खेपा की दोन आठवडे, हे सांगत नाही. काटेकोर मंडळींचा तोडगा असा, की 'बाय' अंतरासाठी राखावा आणि 'दोनदा'साठी 'सेमी', म्हणजे अर्धा, वापरावा. नियम सुटसुटीत आहे, पण तो घरातच मोडतो: 'बायएन्युअल' सहसा वर्षातून दोनदा या अर्थानेच चालतो आणि दोन वर्षांतून एकदा यासाठी 'बायएनिअल' हा जेमतेम निराळा शब्द वापरावा लागतो. कोचीला २०१२ पासून भरणारे कलाप्रदर्शन 'बिएनाले' म्हणवते, ते या दुसऱ्या अर्थाने.

संदर्भावरून अर्थ कळतोच, असा आक्षेप घेतला जातो. रिझर्व्ह बँकेच्या 'बायमंथली' पतधोरणाबाबत तो खरा वाटतो. पण तिथे उलगडा होतो तो आधी जाहीर झालेल्या बैठकांच्या तारखांमुळे, शब्दामुळे नव्हे. अमेरिकेतील पगाराचा हिशेब पाहावा. तिथे 'बायवीकली' पगार दर दोन आठवड्यांनी, म्हणजे साधारणपणे वर्षाला २६ वेळा होतो, तर 'सेमीमंथली' महिन्यातून दोनदा, म्हणजे २४ वेळा. वर्षाचे ७८,००० डॉलर ठरले असतील तर पहिल्या पद्धतीत दर खेपेस ३,००० आणि दुसरीत ३,२५० डॉलर पडतात. घरभाड्याची जुळवाजुळव करणाऱ्याला हा फरक लहान नाही. ब्रिटनमध्ये आणि आपल्याकडे रुळलेला 'फोर्टनाइटली' पुरेसा निःसंदिग्ध आहे, मात्र अमेरिकेत तो फारसा चालत नाही. म्हणून नवा नियम घालण्यापेक्षा 'दर दोन आठवड्यांनी' किंवा 'महिन्यातून दोनदा' असे सरळ लिहिणे हाच खरा उपाय. मजकूर लांबतो ही तक्रार दोन-तीन शब्दांपुरतीच आहे. औषधांच्या बाबतीत हा उपाय स्वीकारलाही गेला आहे: 'क्यूडी' (दररोज) आणि 'क्यूओडी' (दिवसाआड) ही लघुरूपे एकमेकांच्या जागी वाचली जातात म्हणून अमेरिकेतील रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशन या संस्थेने २००४ मध्ये ती वर्ज्य यादीत घातली आणि त्यांच्याऐवजी पूर्ण शब्द लिहायला सांगितले.