खेळण्यातली गाडी, कर्जत लोकल आणि उष्णतेचे कोडे

१/९
मे महिन्यातली दुपार. बदलापूरच्या मैदानात रिमोटवरची मोटार सात-आठ मिनिटे सुसाट धावते आणि एकाएकी थांबते. बॅटरी भरलेली, मोटर शाबूत. मात्र आतल्या स्पीड कंट्रोलरला बोट लावताच चटका बसतो. तेवढ्यात रुळांवरून कर्जत लोकल जाते. या दोन्ही गाड्यांचे दुखणे एके काळी एकच होते. त्याचा हा इतिहास.

२/९
मूळ नियम जेम्स जूल या इंग्रज संशोधकाने १८४०च्या दशकाच्या आरंभी मांडला. तारेतून विद्युतप्रवाह वाहिला की उष्णता निर्माण होते आणि ती प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह दुप्पट, तर उष्णता चौपट. पुढचे सारे याच एका वाक्यात दडलेले आहे.

३/९
३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला अशी देशातली पहिली विद्युत रेल्वे धावली. १९२९मध्ये कल्याण-पुणे मार्गाचेही विद्युतीकरण झाले. अंबरनाथ आणि बदलापूर याच वाटेवरची. उल्हासनगर तेव्हा नव्हतेच. युद्धकाळातल्या लष्करी छावणीच्या जागी ते फाळणीनंतर वसले. वीज होती १५०० व्होल्टची, डीसी.

४/९
उभ्या गाडीच्या मोटरला एकदम पूर्ण दाब दिला, तर प्रवाह अनावर होतो. म्हणून आरंभी वाटेत मोठे रोधक घालत. वेग वाढे, तसतसे ते एकेक करून वगळले जात. म्हणजे प्रत्येक स्थानकावरून निघताना विजेचा काही भाग गाडी ओढण्याऐवजी डब्याखालची हवा तापवण्यात खर्ची पडे.

५/९
१८९८मध्ये निकोला टेस्लाने न्यूयॉर्कमध्ये बिनतारी संदेशावर चालणारी छोटी नौका दाखवली. १९७०च्या दशकात तशाच संदेशांवर धावणाऱ्या खेळण्यातल्या मोटारी लोकप्रिय झाल्या. त्यांतली वेगनियंत्रणाची युक्ती कोणती? रोधकावरून सरकणारा एक धातूचा दांडा. लोकलचीच पद्धत, तळहाताएवढी. तापणेही तसेच.

६/९
उत्तर अर्धवाहकांनी दिले. प्रवाह अडवून धरायचा नाही. सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करायचा. चालू काळ जास्त, तर वेग जास्त. मोटारींत मॉस्फेट आले. मुंबईत २००७पासून आलेल्या नव्या लोकल गाड्यांतही अर्धवाहकांनीच सूत्रे घेतली. ब्रेक लावताना त्या वीज तारेत परतही करू लागल्या.

७/९
दुसरा उपाय तारेतला. १५०० व्होल्टऐवजी २५,००० व्होल्ट एसी दिले, तर तेवढ्याच शक्तीसाठी प्रवाह सुमारे सतरावा हिस्सा पुरतो. जूलचा वर्ग आठवा : त्याच तारेत वाया जाणारी उष्णता किती घटेल! एप्रिल २०१६मध्ये हार्बर मार्गावर मुंबईची अखेरची डीसी लोकल धावली.

८/९
मग खेळण्यातली मोटार आजही का तापते? मॉस्फेटलाही थोडा रोध असतोच आणि तापमानाबरोबर तो वाढतो. शिवाय हवा. ८० अंशांचा हीटसिंक २० अंशांच्या हवेत जितकी उष्णता सोडतो, त्याच्या जेमतेम दोन-तृतीयांश ४० अंशांच्या हवेत सोडतो. जानेवारीत बिनतक्रार पळणारी गाडी मेमध्ये थांबते, ती याच कारणाने.

९/९
म्हणून कंट्रोलर बदलण्याआधी प्रवाह का वाढला ते शोधावे. चाके हाताने सहज फिरतात का? बेअरिंगमध्ये माती आहे का? मोटरवरचे पिनियन गरजेपेक्षा मोठे आहे का? उंच गवतात गाडी पळवली का? मग पंखा आणि हीटसिंकमधली धूळ पाहावी. गाडी आपोआप थांबते, तेव्हा बहुधा कंट्रोलर स्वतःला वाचवत असतो. तो निवेपर्यंत पुन्हा बटण दाबू नये. शंभर वर्षे रेल्वेच्या अभियंत्यांनी जो प्रश्न सोडवला, तोच आपल्या हातात आहे : ही उष्णता कुठून आली आणि तिला बाहेर पडायला वाट आहे का?