नावाला राजा, हाती कारभार

ज्या किताबावरून निजामशाही हे नाव पडलं, तो 'निजाम-उल-मुल्क' हा किताब मिळवणारा माणूस लहानपणी लढाईत पकडून आणलेला गुलाम होता. फरिश्ता सांगतो त्याप्रमाणे त्याचं मूळ नाव तिमाभट, बापाचं नाव भैरव, आणि घराणं पाथरीच्या कुलकर्ण्यांचं. विजयनगरच्या मुलखात तो बहमनी फौजेच्या हाती लागला, बाटवला गेला, मलिक हसन झाला आणि सुलतानाच्या गुलामांत वाढला. शहजाद्याच्या सोबतीला ठेवल्यामुळे फारसी आणि अरबी शिकला. पुढे बिदरच्या दरबारात वजिरापर्यंत चढला, आणि 1486 मध्ये त्याच दरबाराच्या राजकारणात मारला गेला. त्याचा मुलगा मलिक अहमद. 28 मे 1490 रोजी भिंगारजवळ त्याने बहमनी फौज उधळून लावली आणि 1494 मध्ये सीना नदीच्या काठी अहमदनगर वसवायला घेतलं. आजच्या अहिल्यानगराचा पाया असा एका गुलामाच्या मुलाने घातला.

निजामशाहीच्या कारभाराची एक घडी होती: गादीवर एक, कारभार दुसऱ्याच्या हाती. या घडीची कुळकथा सांगायची तर गुलामगिरी टाळून सांगता येत नाही.

सुलतानांना गुलाम का लागत? देशमुख, देशपांडे, पाटील यांची मुळं गावोगाव रुजलेली. इराणहून आलेल्या उमरावांचे सगेसोयरे आणि गट पाठीशी. विकत घेतलेल्या हबशाला मात्र ना गाव, ना गोत, ना वतन. धनी म्हणजेच त्याचं घर. अशा माणसाच्या हाती तलवार दिली तर ती आपल्यावर उलटणार नाही, हा हिशेब. इथिओपियातून धरून आणलेली मुलं लाल समुद्रातल्या बंदरांमध्ये विकली जात आणि जहाजांतून दख्खनला येत. बहमनी राज्यात दख्खनी आणि परदेशी अशा दोन तटांची झुंज चालू होती; हबशी बहुधा दख्खनींच्या बाजूने उभे राहत. 1481 मध्ये बहमनी वजीर महमूद गावानचा घात झाला तो याच झुंजीत. त्याचा शिक्का सांभाळणाऱ्या हबशी गुलामाला दारू पाजून कोऱ्या कागदावर शिक्का उठवून घेतला, त्यावर खोटं पत्र लिहिलं, आणि मान उडवली तीही सुलतानाच्या हबशी गुलामाने. त्या कटात मलिक हसन होता.

गुलामाने गादीच घेतली तर काय, हा प्रश्न दिल्लीत आणि बंगालमध्ये सरळ सुटला होता. दिल्लीला कुत्बुद्दीन ऐबकापासून गुलामांनीच राज्य केलं. बंगालमध्ये 1487 ते 1493 हबशी सुलतान होते. नगरला तसं झालं नाही. इथे हबशी सरदार झाला, पेशवा झाला, फौजेचा धनी झाला; राजा झाला नाही. तिमाभटाचा वंश दोन पिढ्यांत राजवंश ठरला, आणि ज्या रक्ताची सुरुवात गुलामखान्यात झाली होती, तेच रक्त आता इतर गुलामांना गादीपासून दूर ठेवू लागलं. कुठल्या फर्मानात असा नियम लिहिलेला होता असं नाही, पण तो मोडायची हिंमत कोणी केली नाही.

1595 साली या तडजोडीची किंमत उघडी पडली. इब्राहीम निजामशाह विजापूरकरांशी लढताना पडला. दख्खनी सरदार मियाँ मंजूने अहमद नावाचा मुलगा गादीवर बसवला. तो राजवंशातला नाहीच, असं कळल्यावर हबशी बिथरले. त्यांचा म्होरक्या इखलासखान. त्याने काय करावं? नगरच्या बाजारातून मोती नावाचा एक पोर उचलला आणि तोच खरा वारस म्हणून पुढे केला. नेहंगखान हबशाने पहिल्या बुऱ्हाण निजामशाहाचा सत्तर वर्षांचा मुलगा शाह अली विजापूरहून आणवला. इब्राहीमची आत्या चांदबिबी त्याच्या तान्ह्या मुलासाठी, बहादूरसाठी, उभी राहिली. एक गादी आणि चार दावेदार. इखलासखानाजवळ फौज होती, शहराचा बराचसा भाग ताब्यात होता, तरी 'मीच बसतो' असं तो म्हणू शकला नाही. बाजारातलं अनोळखी पोर चाललं, फौजेचा धनी असलेला हबशी चालला नाही. मला या साऱ्या इतिहासात मोतीची गोष्ट सर्वांत बोचते. त्याचं पुढे काय झालं, त्याची आई कोण, हे विचारायला त्या धुमाळीत कोणाला सवड नव्हती. मियाँ मंजूने घाबरून मोगल शहजादा मुरादला बोलावणं धाडलं, मोगल दारात आले, आणि चांदबिबीने किल्ला लढवला तरी वऱ्हाड द्यावं लागलं. 1600 मध्ये तिचाही खून झाला, किल्ला पडला, बहादूरला ग्वाल्हेरला नेऊन कैदेत टाकलं.

याच्या पावणेदोनशे-दोनशे वर्षांनी, 1787 मध्ये, फिलाडेल्फियात अमेरिकेची राज्यघटना लिहायला माणसं बसली, तेव्हा त्यांनाही गुलामगिरीशी तडजोड करूनच सरकार उभारता आलं. दक्षिणेकडच्या राज्यांना गुलाम सोडायचे नव्हते, पण लोकसंख्येवर जागा मिळणार म्हटल्यावर ते मोजून मात्र हवे होते. ठरलं असं की एक गुलाम म्हणजे तीन-पंचमांश माणूस. मत त्याला नाही. त्याच्या डोक्यामुळे वाढणारी जागा धन्याच्या राज्याला. अध्यक्ष निवडणाऱ्यांची संख्याही त्याच मोजणीवर बेतली. गुलामांची आयात 1808 पर्यंत बंद करायची नाही, आणि पळालेला गुलाम दुसऱ्या राज्यात सापडला तरी धन्याला परत द्यायचा, हेही घटनेत घातलं. 'गुलाम' हा शब्द तेवढा कुठे येऊ दिला नाही. नगरची तऱ्हा निराळी होती. इथला लष्करी गुलाम धनी मेल्यावर बहुधा मोकळा होई, त्याची मुलं गुलाम म्हणून जन्मत नसत. अमेरिकेत आईची गुलामी लेकराला चिकटे. पण दोन्हीकडे सरकारला गुलामाचं बळ हवं होतं आणि त्याचा पूर्ण हक्क नको होता.

नगरच्या तडजोडीला पक्कं रूप दिलं मलिक अंबरने. जन्म सुमारे 1548, इथिओपियात, नाव चापू. पीटर व्हान डेन ब्रूक हा डच व्यापारी 1617 मध्ये त्याला भेटला होता. त्याच्या टिपणाप्रमाणे मोखा बंदरात हा मुलगा ऐंशी गिल्डरांना विकला गेला. बगदादच्या मीर कासीमने त्याला शिकवलं आणि अंबर हे नाव दिलं. नगरला त्याला विकत घेणारा चंगीझखान हा निजामशाहीचा पेशवा, आणि तोही पूर्वी हबशी गुलामच. धनी वारल्यावर त्याच्या बायकोने अंबरला मोकळं केलं. विजापूर-गोवळकोंडा करून तो 1595 च्या सुमारास दीडशे स्वारांनिशी परतला.

नगर पडल्यावर त्याने शाह अलीच्या मुलाला परिंड्याला गादीवर बसवलं, दुसरा मुर्तजा म्हणून. आपली मुलगी त्याला दिली आणि स्वतः पेशवा झाला. हबशांच्या जोडीला त्याने हजारो मराठे स्वार उभे केले, जमीन पाहून महसूल ठरवला. ती मलिकंबरी पद्धत पुढे कित्येक पिढ्या लोकांच्या तोंडी राहिली. 1624 मध्ये नगरजवळच्या भातवडीला त्याने मोगल आणि विजापूरकर यांच्या एकत्र फौजेचा मोड केला. त्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले, त्यांचे भाऊ शरीफजी तिथेच पडले.

एवढं सगळं हाती असूनही डाग पुसला नव्हता. व्हान डेन ब्रूक लिहितो की मुर्तजाच्या थोरल्या राणीने, ती इराणी, अंबरच्या मुलीला गुलामाची पोर म्हणून हिणवलं. मुलीने बापाला सांगितलं. 1610 मध्ये राजा आणि राणी दोघांना विष दिलं गेलं, आणि गादीवर त्या राजाचा पाच वर्षांचा मुलगा बुऱ्हाण आला. तेव्हाही अंबर स्वतः बसला नाही.

दख्खनची गुलामगिरी अमेरिकेइतकी क्रूर नव्हती, इथे गुलाम पेशवा होऊ शके, असं कौतुकाने सांगितलं जातं. एक अंबर पेशवा झाला हे खरं. पण जहाजात कोंबलेली बाकीची मुलं कुठे गेली, त्यांच्या नावाची टिपणं कोणी ठेवली नाहीत, आणि जनान्यात विकल्या गेलेल्या मुलींची तर मुळीच नाहीत. अंबरची थोरवी त्याची स्वतःची आहे; ज्या बाजाराने त्याला विकलं, त्या बाजाराच्या पदरात ती घालू नये.

14 मे 1626 ला अंबर वारला. कबर खुलताबादला आहे. त्याचा मुलगा फतेहखान याने बुऱ्हाण निजामशाहाला मारून हुसेन नावाचं मूल गादीवर आणलं, आणि 1633 मध्ये दौलताबाद मोगलांना दिलं. हुसेनची रवानगी ग्वाल्हेरला झाली, फतेहखानाला मोगलांकडून तनखा मिळाला. मग शहाजीराजांनी संगमनेरजवळच्या पेमगिरीवर मुर्तजा नावाच्या मुलाला गादीवर बसवून त्याच्या नावाने कारभार केला. गुलामांनी घडवलेली ही रीत आता एका मराठा सरदाराच्या कामी आली होती. तीन वर्षं ती चालली. 1636 मध्ये माहुलीला तह झाला, आणि शहाजीराजांना तो मुलगा मोगलांच्या हवाली करावा लागला.