वाघाचे छायाचित्र आणि लांब पल्ल्याचे भिंग

माळावर काळविटांचा कळप तुम्ही पाहिला असेल. शंभर पावलांवर तो निवांत चरतो. आणखी थोडे पुढे सरका, की उधळलाच! बंदूकवाल्याला ते अंतर पुरते. साध्या कॅमेऱ्यात मात्र तेच काळवीट तिळाएवढे उमटते. मग जिवंत जनावराचे चित्र घ्यायचे कसे?

शिक्षकबंधूंनी वर्गात एक प्रयोग करून पाहावा. खिडकीसमोरच्या भिंतीपुढे बहिर्गोल भिंग धरा. बाहेरच्या झाडाची उलटी प्रतिमा भिंतीवर पडेल. आता कमी फुगीर भिंग घ्या. ते भिंतीपासून अधिक दूर धरावे लागेल, पण झाड मोठे दिसेल. म्हणजे चित्र मोठे हवे तर नळी लांबच लांब हवी. 1891 साली लंडनचे डॉलमेयर, म्युनिकचे स्टाइनहाइल आणि बर्लिनचे मीटे यांनी आपापल्या जागी यावर एकच तोड काढली: पुढे बहिर्गोल, मागे अंतर्गोल भिंग. नळी आखूड झाली, चित्र मोठेच राहिले. हेच टेलिफोटो भिंग.

पण फुकट काय मिळते? चित्र मोठे झाले की तेवढाच उजेड जास्त जागेवर पसरतो, म्हणून झडप जास्त वेळ उघडी ठेवावी लागते; आणि हात जरासा हलला तरी चित्र फिसकटते. त्यात तेव्हाच्या काचेच्या प्लेटी मंद. उन्हात बसलेला पक्षी साधे. तिन्हीसांजेला निघणारा वाघ काही साधेना.

संयुक्त प्रांतातले वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी मग उलटा रस्ता धरला. वाघाच्या वाटेवर कॅमेराच ठेवून यायचे! आडव्या तारेला पाय लागला की मॅग्नेशियमचा भडका उडे आणि वाघ आपले छायाचित्र आपणच काढून घेई. 1927 साली ही चित्रे पुस्तकरूपाने निघाली. चॅम्पियनची चित्रे पाहून शिकारी जिम कॉर्बेटही कॅमेऱ्याकडे वळले. चलच्चित्राच्या यंत्राची घरघर वाघाला ऐकू जाई, म्हणून त्यांनी ओढ्याला लहान लहान बांध घातले आणि पडत्या पाण्याच्या आवाजात ती घरघर बुडवली. केवढा हा खटाटोप!

पुढे फिल्म चपळ झाली, तरी एक अडचण उरली. लांब पल्ल्याचे भिंग लावून बसावे आणि हत्ती अचानक जवळ यावा, तर चित्रात नुसता कान! भिंग बदलेपर्यंत हत्ती पसार. 1959 साली फ्रँक बॅक यांनी रचलेले 36 ते 82 मिलिमीटरचे झूम भिंग छायाचित्रांच्या कॅमेऱ्यासाठी निघाले, आणि त्याच साली निकॉनचे 85 ते 250 मिलिमीटरचे. आतली भिंगे मागेपुढे सरकवली की बसल्या जागी चित्र तिपटीने लहानमोठे होऊ लागले.

चॅम्पियनची युक्ती मात्र मोडीत निघाली नाही. आजही वाघांची गणती करताना वाटेच्या दोन्ही अंगांना कॅमेरे बांधतात. तारेऐवजी अंगाची ऊब ओळखणारे यंत्र आले, एवढेच. दोन कॅमेरे कशाला म्हणाल, तर प्रत्येक वाघाचे पट्टे निराळे, आणि त्याच्या डाव्या कुशीचे पट्टे उजवीसारखे नसतात.