शनिवारी घातलेला पाया

आजचा एपिसोड ओझरहून, आमच्या घराच्या गच्चीवरून रेकॉर्ड करतोय. मध्येच विघ्नहराच्या देवळातली घंटा ऐकू आली तर सांभाळून घ्या.

विषय आहे शनी. माझी रास मेष. २९ मार्च २०२५ ला शनी मीन राशीत गेला आणि माझी साडेसाती सुरू झाली. दोनच महिन्यांत नोकरी गेली. एका सकाळी मेल आला आणि आमची निम्मी टीम घरी. मी गावी आलो. आजी म्हणाली, "आता दमानं घे रे पोरा. नवीन काय काढू नको." खरं सांगू? ते ऐकून मला बरंच वाटलं. दोष माझा नाही, शनीचा! पुढचे चार महिने मी एकही इंटरव्ह्यू दिला नाही.

मग रिकामा वेळ होता म्हणून गणित मांडलं. शनैश्चर म्हणजे हळू चालणारा. सूर्याभोवती एक फेरी मारायला त्याला जवळपास साडेएकोणतीस वर्षं लागतात, म्हणजे एका राशीत साधारण अडीच. आपल्या राशीच्या मागची रास, आपली आणि पुढची, मिळून साडेसात. याचा अर्थ कुठल्याही दिवशी बारापैकी तीन राशींना साडेसाती असतेच. ज्यांची नोकरी टिकली त्यांच्यातही ती असणार. माझा पहिला बहाणा तिथेच गळाला.

आता इतिहास. आमच्या देवळाचं शिखर वसईच्या विजयानंतर, म्हणजे १७३९ नंतर, चिमाजी अप्पांनी सोन्याने मढवलं असं सांगतात. त्याच चिमाजी अप्पांचे थोरले भाऊ बाजीराव. त्यांनी पुण्यात वाड्याचा पाया घातला १० जानेवारी १७३० ला, आणि वास्तुशांत केली २२ जानेवारी १७३२ ला. दोन्ही दिवस शनिवार, म्हणून शनिवारवाडा.

सवयीप्रमाणे मी दोन्ही तारखा कोडमध्ये टाकल्या. उत्तर आलं, मंगळवार! दोन्ही वेळा. डोकं खाजवल्यावर कळलं, या तारखा तेव्हाच्या जुन्या इंग्रजी कॅलेंडरच्या आहेत, आजच्यापेक्षा ११ दिवस मागे. तो फरक धरला की दोन्हीकडे शनिवार येतो.

म्हणजे ज्या वारी आपण नवीन चप्पलही घेत नाही, त्या वारी पेशव्यांनी वाडा सुरू केला. ते मुहूर्त न बघणारे लोक नव्हते. पण गृहारंभाला टाळायचे वार रविवार आणि मंगळवार. शनिवार त्यात नाही. आपली भीती शास्त्रापेक्षाही पुढे गेलीय!

अजून एक. बाजीरावांचा जन्म १८ ऑगस्ट १७०० चा. पाया घातला तेव्हा वय साधारण २९ वर्षं ५ महिने. म्हणजे शनीची पहिली फेरी नुकतीच पुरी होत होती. मीही आता त्याच वयाला टेकलोय. पाश्चात्त्य ज्योतिषात या टप्प्याला मोठं मानतात: उसनं बालपण संपलं, आता स्वतःचा हिशोब द्या. बाजीरावांना पेशवाई मिळाली १७२० मध्ये. त्यानंतर जवळपास दहा वर्षं घोड्यावर, मध्ये १७२८ चं पालखेड, आणि मग घर.

यातून शनी पावला असं सिद्ध होतं का? नाही. १७४० मध्ये चाळिशीच्या आतच बाजीराव रावेरखेडीला गेले. १८२८ मध्ये वाडा जळाला, आग सात दिवस धुमसत होती म्हणतात. शनिवार शुभ म्हणणाऱ्याला इथे पुरावा सापडेल, अशुभ म्हणणाऱ्यालाही. वार काहीच सांगत नाही. वाड्यासाठी सागवान गेलं होतं आमच्या जुन्नरच्या जंगलातून आणि दगड चिंचवडच्या खाणीतून. वरचं सागवान जळालं, खालचा दगड अजून उभा आहे.

हे सगळं आजीला सांगितलं. ती दर शनिवारी शनिमाहात्म्य वाचते. ती म्हणाली, "मग इक्रम राजाचं काय झालं?" मी गप्प. कथा तुम्हाला माहीत आहे. राज्य गेलं, हातपाय तोडले, आणि राजा तेल्याच्या घाण्यावर बसला. पण बसून काय केलं? बैल हाकला! साडेसातीत त्याने काम सोडलं नाही. आजीच्या पोथीत ते पहिल्यापासून होतं. "नवीन काढू नको" एवढंच मी सोयीने ऐकलं होतं. "दमानं घे" म्हणजे थांब नव्हे, घाई न करता चालत राहा.

दुसऱ्या दिवशी मी जुनी पुस्तकं काढली. अल्गोरिदम पहिल्यापासून. पाच ठिकाणी नकार आला, सहाव्या ठिकाणी जमलं. पगार आधीपेक्षा कमी आहे, हेही सांगून टाकतो. रुजू व्हायची तारीख सोमवारची होती, त्यामुळे निघावं लागलं शनिवारीच. आजीने आधी मारुतीला तेल घातलं, मग माझ्या हातावर दही ठेवलं. दोन्ही मी मुकाट्याने घेतलं.

तुमच्या घरी शनिवारी काय काय करत नाहीत, ते मला नक्की कळवा. भेटूया पुढच्या एपिसोडमध्ये. तोवर, दमानं घ्या!